कोड बरोबर, तरी क्लेम परत! नर्सरी फंडिंगच्या ऑफिसातले घोळ

शर्वरी_मिडलंड्स | १४ ऑक्टोबर २०२५, रात्री ९:४०

नमस्कार. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, आज गरज पडली म्हणून तोंड उघडते आहे.

ऑगस्टपासून इंग्लंडात, मिडलंड्समधल्या एका नर्सरीचं ऑफिस सांभाळते. साठेक मुलं. त्याआधी पुण्यात आठ वर्षं बँकेत होते, त्यामुळे फॉर्म, आकडे, सह्या यांची भीती नव्हती. मालकीणबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "फंडिंगचं तेवढं तू बघ, सोपं आहे, पोर्टलमध्ये भरायचं असतं." आधीची बाई जूनमध्ये सोडून गेली. मागे ठेवलं काय, तर एक एक्सेलची फाइल आणि पिवळ्या स्टिकी नोट्सनी मढवलेला मॉनिटर.

मागच्या आठवड्यात हेडकाउंट (कुठल्या मुलाचे किती सरकारी तास मागतो त्याची यादी) भरला. काल काउन्सिलचं (इथली नगरपालिका म्हणा) उत्तर आलं: नऊ ओळी लाल. शुक्रवारी, १७ तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत दुरुस्त करा, नाहीतर या टर्मला त्या मुलांचे पैसे नाहीत. आमच्याकडे या पैशातून पगार होतात.

माझं डोकं चालेनासं झालंय ते यामुळे की कोड सगळ्यांचे आहेत. एकेक फाइलमधून बघून मी स्वतः टाकलेत. मग परत का येतात? इथे कुणी हे काम करतं का?

—

चहाटळ | ९:५२

सरकारी पैसे, आणि तेही पहिल्या फटक्यात? ताई, तुम्ही स्वतः बँकेत होतात ना? गिऱ्हाइकाला किती वेळा परत पाठवलंत ते आठवा. फिरून आलं म्हणायचं. 😀

—

मंजूताई | १०:३०

शर्वरी, मी अकरा वर्षं हेच करते, साउथ लंडनला. पहिल्या टर्मला माझ्या चौदा ओळी परत आल्या होत्या आणि मी बाथरूमचं दार लावून रडले होते. तेव्हा नऊ म्हणजे पास आहेस तू.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी आधी दोन ओळी. इंग्लंडात तीन आणि चार वर्षांच्या सगळ्या मुलांना आठवड्याला १५ तास सरकारी खर्चाने, वर्षाचे ३८ आठवडे, म्हणजे ५७० तास. आईबाप दोघंही नोकरी करत असतील (आणि एकट्या पालकाच्या घरात तो एक) तर ३० तास, वर्षाला ११४०. त्यासाठी पालकांनी सरकारी खात्यात अर्ज करून कोड काढायचा आणि नर्सरीला द्यायचा. हे ३० तास २०१७ च्या सप्टेंबरपासून आहेत, पण तेव्हा फक्त तीन-चार वर्षांच्या मुलांना. मग एप्रिल २०२४ ला नोकरदार पालकांच्या दोन वर्षांच्या मुलांना १५ तास आले, त्याच सप्टेंबरला नऊ महिन्यांच्या बाळांना १५, आणि २०२५ च्या सप्टेंबरपासून नऊ महिन्यांपासून पुढे नोकरदार पालकांच्या सगळ्याच मुलांना ३०. गेल्या दीड वर्षात नर्सरीच्या ऑफिसात कोडांचा पूर आलाय तो असा. खुर्चीत बसणारी बाई मात्र अजून एकच.

आता तुझं. कोड बरोबर आहे म्हणजे काम झालं असं सगळ्यांनाच वाटतं. तो अकरा आकड्यांचा कोड नुसता आहे का हे बघून भागत नाही. पोर्टलमध्ये तपासलास की त्याच्यापुढे तीन तारखा येतात. कोड कधीपासून चालू, कधीपर्यंत चालू, आणि ग्रेस (कोड संपल्यावरही पैसे मिळण्याची सवलत) कधीपर्यंत. फाइलमध्ये यातलं काय लिहिलंय? माझी पैज आहे, फक्त कोड.

त्या नऊ ओळी इथे टाक. नावं नको. मुलाचं वय, कोड कधीचा, आणि शेवटच्या रकान्यात काउन्सिलने काय लिहिलंय तेवढं.

—

शर्वरी_मिडलंड्स | ११:१५

मंजूताई, पैज जिंकलात. फक्त कोड.

१ आणि २: "पालकाचा तपशील जुळत नाही."
३: कोड चुकीचा. (आत्ता मोजला. दहाच आकडे आहेत. एक शून्य मीच खाल्लं.)
४: तीन वर्षांचा मुलगा, "वयाच्या अटीत बसत नाही." वाढदिवस १ सप्टेंबर.
५ आणि ६: बाळं, दोन्ही जुलैमध्ये नऊ महिन्यांची झाली. कोड ३ आणि ११ सप्टेंबरचे. "या टर्मसाठी पात्र नाही."
७: "ग्रेस कालावधी संपला."
८: "तास मर्यादेपेक्षा जास्त." तीन वर्षांची मुलगी, ३० तास, कोड चालू आहे!
९: "दुसऱ्या ठिकाणीही क्लेम."

—

हिशेबनीस | ११:३१

८ नंबर मी सांगतो. रेडिंगला बायकोच्या नर्सरीचे आकडे मीच बघतो (पगार नाही, चहा मिळतो). तीन-चार वर्षांच्या मुलाचे ३० तास एका रकान्यात टाकायचे नसतात. पहिले १५ युनिव्हर्सलमध्ये (सगळ्यांना मिळणारे), वरचे १५ एक्स्टेंडेडमध्ये (नोकरदार पालकांच्या कोडवरचे). तुम्ही तीसच्या तीस युनिव्हर्सलमध्ये टाकलेत. दोन मिनिटांचं काम.

—

मंजूताई | १५ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

बसमधून लिहिते आहे, चुका पोटात घाला.

१ आणि २: कोडसाठी अर्ज कुणी केला हे आईला विचार. सरकारी खात्यात आईने अर्ज केलेला असतो आणि आपल्या फॉर्मवर "पालक" म्हणून बाबाचा एनआय (नॅशनल इन्शुरन्स) नंबर असतो, कारण फॉर्म भरायला बाबा आलेला असतो. कोड, मुलाची जन्मतारीख आणि अर्जदाराचा एनआय नंबर, तिन्ही एकाच घरातले असून भागत नाही, एकाच अर्जातले हवेत. फॉर्मवर "पालकाचा एनआय" असं असेल तर ते खोडून "ज्यांनी कोड काढला त्यांचा एनआय" असं कर. माझ्याकडे निम्मे घोळ या एका ओळीने गेले.

आपल्या लोकांत तर आणखी मजा. पासपोर्टवर मुलाच्या नावापुढे बापाचं नाव, ते इथले लोक मिडल नेम समजतात. आई पगारपत्रकावर माहेरच्या नावाने, बँकेत सासरच्या. नोंदणीला बाई प्रेमाने मुलाचं घरातलं नाव सांगते, ते आपण सिस्टिममध्ये टाकतो, आणि वर्षभर पिंट्याचा क्लेम करतो. मुलाचा पासपोर्ट किंवा जन्मदाखला डोळ्यांनी बघ, "पाहिला" असं लिही, तारीख टाक, सही कर. उद्या ऑडिट आलं तर काउन्सिल पहिलं हेच मागतं.

४: याला इलाज नाही. ३१ ऑगस्टपर्यंत तीन पूर्ण झाले तर १ सप्टेंबरपासून, आणि १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबरमध्ये झाले तर १ जानेवारीपासून. तुझा मुलगा १ सप्टेंबरला तीनचा झाला, म्हणजे जानेवारी. एका दिवसाने गेलं. पण थांब, दोनच्या वयात त्याला नोकरदार पालकांचा कोड नव्हता का?

५, ६: हे सगळ्यात वाईट. मूल वयात बसणं आणि हातात कोड असणं, दोन्ही टर्म सुरू व्हायच्या आधी व्हायला हवं. सप्टेंबरच्या टर्मला कोडची शेवटची तारीख ३१ ऑगस्ट, जानेवारीच्या टर्मला ३१ डिसेंबर, एप्रिलच्या टर्मला ३१ मार्च. ३ सप्टेंबरचा कोड शंभर टक्के खरा आहे, पण तो जानेवारीचा आहे. या दोन घरांना तुम्ही तोंडी "फ्री" म्हणून सांगून बसलात का?

स्टॉप आला.

—

शर्वरी_मिडलंड्स | दुपारी १:१०

तोंडी नाही, इन्व्हॉइसमध्येच. सप्टेंबरचं बिल शून्य पाठवून झालंय. आता दोन घरांना सांगायचं, की ते पैसे तुम्हीच द्यायचे आहेत. मालकीण म्हणते तू सांग.

४ नंबरच्या मुलाचे आईबाप दोघंही वर्क व्हिसावर आहेत. कोड कधी निघालाच नाही.

—

दोन_पिल्लांची_आई | १:३८

यावरून विचारते. आम्ही दोघंही स्किल्ड वर्कर व्हिसावर, मुलगी १४ महिन्यांची. नर्सरीवाली म्हणाली, दोघं नोकरी करता ना, मग कोड काढा. मिळतो का?

—

हिशेबनीस | १:५५

तुमच्या व्हिसावर पब्लिक फंड्स नाहीत असं लिहिलेलं असेल ना? नोकरदार पालकांच्या कोडसाठी दोघांपैकी एकाकडे तरी ब्रिटिश किंवा आयरिश नागरिकत्व, सेटल्ड वा प्री-सेटल्ड स्टेटस किंवा पब्लिक फंड्स घ्यायची परवानगी लागते. दोघंही त्या व्हिसावर असाल तर हा कोड नाही, पगार कितीही असो. मात्र मूल तीन वर्षांचं झालं की पुढच्या टर्मपासूनचे १५ तास सगळ्यांना, त्यात व्हिसा विचारत नाहीत. ते मात्र सोडू नका. दरवर्षी कुणीतरी व्हिसाचं ऐकून तेही सोडतं.

आणि पुढेमागे आयएलआर (कायम राहण्याची परवानगी) मिळाला तर दुसऱ्या दिवशी अर्ज करा. कोड टर्मच्या आधी हातात, हा नियम तुम्हालाही आहेच.

—

दोन_पिल्लांची_आई | २:०२

धन्यवाद. तीन वर्षं होईपर्यंत आजी आळीपाळीने येणार म्हणजे. माझी सहा महिने, त्याची सहा महिने.

—

चहाटळ | २:१०

आजी ही एकच योजना, जिला कोड लागत नाही. ग्रेस पीरियड मात्र फार कमी असतो.

—

मंजूताई | रात्री ९:२०

शर्वरी, त्या दोन घरांचं: नर्सरीने लेखी शून्याचं बिल दिलंय, चूक तुमच्याकडून झाली आहे. मी असते तर मालकिणीला म्हणाले असते, सप्टेंबर आपण सोसू, ऑक्टोबरपासून बिल लावू आणि हप्ते करून देऊ. हे सांगायचं काम तिचं आहे, तुझं नाही. आणि त्यांना टॅक्स-फ्री चाइल्डकेअरची आठवण करून दे. त्याच सरकारी खात्यात आहे, आपण ८ पाउंड टाकले की सरकार २ टाकतं, तीन महिन्यांत मुलामागे ५०० पर्यंत. भरलेल्या सगळ्या पैशांची भरपाई होणार नाही, पण पाचवा हिस्सा सुटतो.

यापुढे तोंडी "फ्री" म्हणायचं नाही. कोड आल्या दिवशी पोर्टलमध्ये तपासायचा, तारखेसकट. हेडकाउंटच्या आठवड्यात साठ कोड एकदम तपासायला बसलं की तुझ्यासारखं होतं. तोवर महिना उलटलेला असतो आणि पालकांचं बजेट ठरलेलं असतं.

७ नंबर: पालकांनी दर तीन महिन्यांनी रीकन्फर्म करायचं असतं, म्हणजे आम्ही अजून अटीत बसतो असं कळवायचं. आपल्याला ते करता येत नाही, त्यांच्याच खात्यात जाऊन त्यांनीच करायचं. मुदतीच्या २८ दिवस आधी खिडकी उघडते. कोड कधी संपला त्या मुलीचा?

—

शर्वरी_मिडलंड्स | ९:३३

१८ मे. घरात दुसरं बाळ आलं आणि राहून गेलं म्हणे.

—

मंजूताई | ९:५०

१८ मे म्हणजे ग्रेस ३१ ऑगस्टला संपला. नऊ दिवसांनी, २७ मेला संपला असता, तर ग्रेस ३१ डिसेंबरपर्यंत मिळाला असता. ग्रेस असा तुकड्यातुकड्याने चालतो. आत्ताच्या टर्मचं लक्षात ठेव: १ सप्टेंबर ते २१ ऑक्टोबरमध्ये ज्याचा कोड पडेल त्याला ३१ डिसेंबरपर्यंत, आणि २२ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबरमध्ये पडेल त्याला ३१ मार्चपर्यंत. बाकीच्या टर्मांचेही असेच दोन दोन तुकडे आहेत. मी ते कागदावर लिहून किटलीच्या वर चिकटवलंय, चहाच्या निमित्ताने दिवसातून सहा वेळा दिसतं. पालकांना मात्र हे सांगत बसू नकोस. "अजून ग्रेस आहे ना" म्हणून बसून राहतात. शिवाय ग्रेसमध्ये असलेलं मूल नव्या नर्सरीत नव्याने फंडेड जागा घेऊ शकत नाही, आणि घर बदलणाऱ्यांची इथेच पंचाईत होते.

दर महिन्याच्या एक तारखेला मी यादी काढते: या महिन्यात कुणाची मुदत संपते. त्या पालकांना मेसेज. ईमेल वाचत नाहीत. एका बाईला तर मी गेटवर मुलाचा डबा हातात देता देता फोनवर रीकन्फर्म करायला लावलंय. पाऊस पडत होता, मी छत्री धरली.

९ नंबर बहुतेक दोन ठिकाणी जाणारं मूल असेल. काही दिवस शाळेची नर्सरी, बाकी दिवस तुमच्याकडे?

—

शर्वरी_मिडलंड्स | १०:०५

अगदी! शाळेने १५ टाकलेत, आम्ही ३०.

—

हिशेबनीस | १०:२०

इथे भांडण युनिव्हर्सल कुणाचे यावरून होतं. पालकाच्या सहीच्या डिक्लरेशन फॉर्मवर दोन्ही ठिकाणचे तास, कुठे युनिव्हर्सल आणि कुठे एक्स्टेंडेड, हे लिहून घ्या. उद्या कोड बंद पडला तर एक्स्टेंडेडवाल्याचे पैसे जातात, युनिव्हर्सलवाला सुरक्षित. शाळांना हे बरोबर ठाऊक असतं, म्हणून त्या आधी युनिव्हर्सल टाकून मोकळ्या होतात.

बाकी खरं सांगू? लाल ओळींचं मला काही वाटत नाही. त्या निदान ओरडून सांगतात. पैसे जातात ते हिरव्या ओळींत. शर्वरीताई, तुमचे तास दशांशात भरले आहेत का?

—

शर्वरी_मिडलंड्स | १०:२४

म्हणजे?

—

हिशेबनीस | १०:४८

साडेसात तास. पोर्टलमध्ये काय टाकता, ७.३० की ७.५?

आमच्याकडे दोन टर्म ७.३० जात होतं. मशीन ते सात पूर्णांक तीन दशांश वाचतं. मूल आठवड्यातून दोन दिवस येतं, साडेसात दुणे पंधरा. मशीनच्या लेखी १४.६. आठवड्याला ०.४ तास गेले. टर्म १४ आठवड्यांची, म्हणजे मुलामागे ५.६ तास. अशी वीस मुलं, ११२ तास. ताशी समजा ६ पाउंड धरा (काउन्सिलगणिक आणि वयागणिक वेगळा असतो), ६७२ पाउंड. एका टर्मचे. ओळ हिरवीच. काउन्सिल तुम्हाला कधीच सांगणार नाही की तुम्ही कमी मागितलेत.

तसंच स्ट्रेचचं, म्हणजे ३८ आठवड्यांचे तास वर्षभर पसरून देण्याचं. बायकोची नर्सरी ५१ आठवडे उघडी असते, म्हणून ११४० तास ५१ ने भागून आठवड्याला २२.३५ देतो. पोर्टलमध्ये आठवड्यांचा रकाना असतो, तिथे आपोआप १४ आलेलं असतं, शाळेच्या टर्मचं. पण १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर १७ आठवडे होतात. १४ तसेच राहू दिले तर ३१३ तास, १७ केले तर ३८०. एका मुलामागे ६७ तासांचा फरक. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बायकोला हाक मारली आणि ती म्हणाली, "मला वाटलं तो आकडा बदलता येत नाही."

तुमच्या काउन्सिलची स्ट्रेचची पद्धत वेगळी असू शकते, आधी त्यांचं पुस्तक उघडून बघा. पण त्या रकान्याकडे बघा तरी.

—

डेव्हनची_चिमणी | १६ ऑक्टोबर, सकाळी ६:१५

मी घरीच मुलं सांभाळते, चाइल्डमाइंडर. तीन मुलं, त्यामुळे माझ्या चुका छोट्या. पण एक मोठी सांगते. सख्ख्या बहिणीची मुलगी माझ्याकडे येते. तिचा कोड आहे, मी रजिस्टर्ड आहे, क्लेम टाकला. परत. चाइल्डमाइंडरला नातलग मुलाचा क्लेम करता येत नाही, आणि नातलगांत मावशी, आत्या, काका, मामा, आजी-आजोबा येतात. फॉर्मवर नातं विचारलं होतं, मी अभिमानाने "मावशी" लिहिलं होतं!

गंमत म्हणजे चुलत बहिणीची मुलगी त्या व्याख्येत बसत नाही. तिचा क्लेम चालतो. आता ती भाची नाही हे तिला कोण सांगणार.

—

साधासरळ_पालक | ८:४०

सगळा धागा वाचला. ऑफिसांचे हाल कळले. पण पालकांची बाजू? फ्री म्हणता आणि महिन्याला जेवणाचे, नॅपीचे, "अ‍ॅक्टिव्हिटी"चे पैसे लावता. आमच्या नर्सरीत दिवसाला १२ पाउंड "कन्झ्युमेबल्स". मुलगा पास्त्याचे चार तुकडे खातो, बाकीचे माझ्या गाडीच्या सीटवर असतात.

—

मंजूताई | ९:०५

जेवण, नॅपी, सनक्रीम यांचे पैसे लावता येतात. पण ते दिले तरच जागा मिळेल अशी अट घालता येत नाही. डबा देऊ का विचारा, नाही म्हणाले तर पर्याय काय ते विचारा. आणि फंडेड तास आणि नर्सरीचा नेहमीचा दर यातला फरक पालकांकडून वसूल करायला मनाई आहे, नाव काहीही द्या. २०२५ पासून इन्व्हॉइसमध्ये फंडेड तास, वरचे खासगी तास, जेवण, इतर वस्तू, अ‍ॅक्टिव्हिटी सुटं सुटं दाखवायचं आहे. तुमच्या बिलात "कन्झ्युमेबल्स १२" एवढंच असेल, तर कशाचे किती ते मागा.

—

हिशेबनीस | ९:२२

मंजूताई, नियम बरोबर आहे, पण दुसरी बाजूही आहे. काउन्सिल जो ताशी दर देतं त्यात बाळांच्या खोलीत तीन मुलांमागे एक बाई परवडत नाही. म्हणून जेवणाच्या नावाखाली चालतं हे सगळं. मी समर्थन करत नाही, पण जमाखर्चाचं पत्रक बघतो.

—

मंजूताई | ९:३०

पत्रक मीही बघते. तरी बिलात खोटं नाव घालू नये. पकडले जाता ते दरापायी नाही, त्या खोट्या ओळीपायी. आणि मग सगळ्याच क्लेमवर संशय येतो.

त्यापेक्षा हक्काचे पैसे सोडता ते आधी घ्या. अर्ली इयर्स प्युपिल प्रीमियम: कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलासाठी २०२५-२६ ला तासाला १ पाउंड, वर्षाला ५७० पर्यंत. मुलाला डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्स असेल तर डिसॅबिलिटी अ‍ॅक्सेस फंडचे त्याच वर्षी ९३८ पाउंड, वर्षातून एकदा, पालक ज्या नर्सरीचं नाव देतील तिला. दोन्ही २०२४ पासून बाळांनाही लागू आहेत. फॉर्मच्या तिसऱ्या पानावर ते रकाने असतात आणि पालक लाजून रिकामे सोडतात. तिथे "तुम्ही गरीब आहात का" असा अर्थ काढतात लोक. मी फॉर्म हातात देतानाच म्हणते, "हे सगळ्यांनी भरायचं, पैसे तुमच्या मुलाच्या खोलीत येतात." मग भरतात.

—

निवृत्त_सुपरवायझर | १०:१५

मी सोलापूर जिल्ह्यात २९ वर्षं अंगणवाडीची पर्यवेक्षिका होते. लेक लीड्सला, म्हणून इकडे डोकावते. तुमचा धागा वाचून हसू आलं. आमच्याकडे रजिस्टरं होती, मग मोबाइल आला, पोषण ट्रॅकर आला. सेविका दोन्ही भरते. गावात रेंज नाही म्हणून ती शेताच्या बांधावर जाऊन हजेरी टाकते, तोवर मुलं खिचडी खाऊन घरी गेलेली.

एक अनुभव सांगते. तपासणीला गेले की मी आधी रजिस्टर कधीच बघत नसे. खिचडीचं पातेलं बघायची, चपला मोजायची. मग रजिस्टर उघडायची. तुमच्याकडे चपला नसतील, पण रोजच्या येण्याजाण्याच्या सह्या असतीलच. क्लेममधले तास आणि सह्यांचे तास एकदा समोरासमोर ठेवून बघा ना बाळ.

—

शर्वरी_मिडलंड्स | १०:४०

मावशी, हे कुणीच सुचवलं नव्हतं. आज दुपारी तेच करते.

—

स्कॉटलंडकर | ११:०२

आमच्याकडे तीन-चार वर्षांच्या सगळ्या मुलांना ११४० तास, नोकरीची अट नाही, तीन महिन्यांचं रीकन्फर्म नाही. बस, एवढंच सांगायला आलो.

—

चहाटळ | ११:०४

आले मीठ चोळायला.

—

शर्वरी_मिडलंड्स | १७ ऑक्टोबर, रात्री ८:१५

हिशेब देते.

एनआयचे दोन: आईने काढलेला कोड, आमच्याकडे बाबांचा नंबर. दोन्ही हिरवे. दहा आकड्यांचा: शून्य घातलं, हिरवा. युनिव्हर्सल-एक्स्टेंडेड: हिरवा. दोन ठिकाणी जाणारी मुलगी: शाळेतल्या बाईंना फोन केला, फार चांगल्या होत्या, पालकांची नवी सही घेतली, शाळा १५ युनिव्हर्सल, आम्ही १५ एक्स्टेंडेड. हिरवा, पण पंधरा तास कमी झाले. ते तसे आमचे नव्हतेच.

१ सप्टेंबरवाला जानेवारीला येईल. त्याच्या आईला मी नियम सांगितला तर ती म्हणाली, "डॉक्टर म्हणाले होते ३० ऑगस्टला होईल." यावर मी काय बोलणार.

ग्रेसवाल्या घराने परवा रात्री रीकन्फर्म केलं, पण तो कोड आता जानेवारीपासून. दोन बाळांचं मालकीण स्वतः बोलली. सप्टेंबर नर्सरीने सोसला. एक घर चिडलं, एक घर नाही. न चिडलेल्या घराने नोव्हेंबरपासून दुसरी नर्सरी शोधतोय असं सांगितलं.

मावशी, तुमच्या सांगण्यावरून काल सह्यांची फाइल आणि क्लेम शेजारी ठेवले. टोस्टचे चुरे साफ करत करत सगळी पानं उलटली. आणि हिशेबनीस, तुम्ही म्हणालात तेच. साडेसातवाली सव्वीस मुलं. ७.३०. मी भरलेलं नाही हो, आधीच्या फाइलमधून आलेलं, मी नुसतं उचललं. या टर्मचं आज साडेचारला दुरुस्त केलं, पाचला खिडकी बंद झाली.

मग उन्हाळ्याच्या टर्मची फाइल उघडली. तिथेही ७.३०. आणि वसंताच्या टर्मला पण.

—

मंजूताई | ८:३२

त्या टर्मांची दुरुस्तीची मुदत कधी संपली?

—

शर्वरी_मिडलंड्स | ८:३५

उन्हाळ्याची १८ जुलैला. वसंताची तर मार्चमध्येच.

—

मंजूताई | ८:५०

तरी सोमवारी ईमेल टाक. फोन नको, ईमेल. सह्यांच्या पानांचे फोटो, मुलागणिक तास, किती मागितले आणि किती व्हायला हवे होते. "चूक आमची आहे" हे पहिल्या ओळीत. उन्हाळ्याचं वेगळं, वसंताचं वेगळं, एकात घालू नकोस. एकाला नाही म्हणाले तर दुसरं उघडं राहतं. माझं एकदा चार महिन्यांनी दिलं होतं, एकदा नाही दिलं.

आणि ती एक्सेल फाइल आज रात्री पुसून टाक. नव्या कोऱ्या शीटवर सुरू कर.

—

शर्वरी_मिडलंड्स | ८:५४

पुसत नाही. नाव बदललं. "वापरू नये."

—

हिशेबनीस | ९:१०

सोमवारच्या ईमेलचा मसुदा मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, आकडे तपासून देतो. दशांशात.